विजेचा शेक

सकाळी साडेदहाला मलकापुरातल्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षांचा सहदेव टेबलावर किंचाळला आणि डॉक्टरांनी विजेच्या शेकाचं यंत्र बंद केलं. सन १९६४, जानेवारी. बैलगाडीवरून पडल्यापासून पोराचा खुबा आखडला होता. त्यासाठी हा शेक.

आशाबाईनं लेकाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलं. मानही, पाठही, पायाचे तळवेही. शेक तर खुब्यालाच द्यायचा होता.

"काऊन रे, आंधी काऊन नाही सांगतलं?" आजी तानुबाई खेकसली.

"माय म्हणे, रडलं तं डागदर सुई टोचते," सहदेव हुंदके देत म्हणाला.

"बाई, शेक किती द्यायचा ते रोगी सांगतो," डॉक्टर म्हणाले. "चटका बसला की कमी करायचं. मी विचारत होतो आणि हा नुसती नाही म्हणून मान हलवत होता."

थर्मामीटर एकशे दोनवर थांबला.

"मोठ्या माणसाच्या अंगात ही उष्णता पसरून जाते. याचं अंग केवढं? खुब्याचा शेक सगळ्या अंगाला झाला."

"मशीन हाय का भट्टी? माह्या गरम विटेचा शेक काय वाईट होता?" तानुबाई म्हणाली.

डॉक्टर आशाबाईकडे वळले. "धातूचं सगळं काढलं होतं ना? या यंत्रात धातू आधी तापतो."

आशाबाईनं पोराच्या हातातली कडी काढली होती, ती पदराच्या गाठीत होती. करदोडा मात्र काढला नव्हता. जित्या पोराचा करदोडा कोण काढतं? तो तिरडीवरच तोडायचा. त्यात तांब्याचा ताईत ओवलेला. तो तिनं वर सरकवून सदऱ्याखाली दडवला होता, सासूच्या सांगण्यावरून. आता सासू तिच्याकडे टक लावून पाहत होती. बोललं तर करदोडा जाणार. न बोललं तर डॉक्टर त्या जागेवर पाहणारही नाहीत.

तिनं सदरा वर केला. बेंबीखाली ताईत कातडीला चिकटला होता. भोवती पांढरा फोड, त्याला लाल कड.

 डॉक्टरांनी कात्री घेतली.

"डागदर, करदोड्याले कैची लावू नका! माह्या नातवाच्या जिवावर उठता का?"

"तोडा," आशाबाई म्हणाली. तिनंच दोरा ताणून धरला.

जखमेला मलम लावून झालं. "वरचं दिसतंय. आत किती पोचलं, ते आज सांगता येत नाही. जागा मूत्राशयाजवळची आहे. लघवी होते का, लाल होते का, पाहत राहा. तसं काही वाटलं तर बुलढाण्याला हलवू."

दुपारी दवाखान्यातच ताप शंभरावर आला. सहदेव पाणी मागून मागून प्याला, आजीच्या मांडीवर झोपला, उठला, पुन्हा पाणी प्याला. आशाबाई त्याला दर थोड्या वेळानं मोरीपाशी नेऊन उभं करत होती.

दिवेलागणीपर्यंत त्याला लघवी झालेली नव्हती.