छान आहे हो

माझ्या मावशीला 'नाही' म्हणता येत नाही. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नाही, पण कोणी काहीही दाखवलं की ती 'छान आहे हो' म्हणते आणि मान खाली घालून मशीन चालवते.

कोपऱ्यावरचा गाळा रिकामा होणार होता. घरातल्या बोळकांडीत बसून शिवणारी मावशी कधीपासून त्याच्यावर डोळा ठेवून होती. त्याच्या अनामतीचे पैसे तिने बँकेत साठवले होते. पासबुक भरून आणलं, तर दर महिन्याला कुठल्याशा विम्याचा हप्ता कापलेला! मावशीने विमा घेतलाच नव्हता.

"असू दे गं, त्यांचं काहीतरी चुकलं असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनामत कमी पडली की गाळा त्याच्यावर टपलेल्या मोबाइलवाल्याच्या घशात जाणार, आणि ही बँकेची बाजू घेतेय!

मी तिला ओढतच शाखेत नेलं. तिथला साहेब गोड बोलला, "बघतो" म्हणाला.

"बघू नका. लेखी तक्रार घ्या आणि तिचा नंबर द्या," मी म्हटलं.

नंबर मिळाला. महिन्याची मुदत संपता संपता उत्तरही आलं: ग्राहकाने फोनवर संमती दिली आहे, सबब तक्रार बंद.

"मावशी, फोन आला होता?"

"आला होता एकदा. पोरगी बिचारी किती वेळ बोलत होती."

"मग तू काय म्हणालीस?"

मावशी उगाच सुईत दोरा ओवायला लागली. "छान आहे म्हटलं."

मी कपाळावर हात मारला. पण बँकेने हात वर केले तरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. बँकेचं उत्तर जोडून आम्ही अर्ज केला आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग मागवा म्हणून लिहिलं.

सुनावणीत लोकपालबाईंनी ते सगळ्यांसमोर लावलं. पोरगी विम्याचे गुण गातेय, मागे मशीन खडखडतेय, आणि शेवटी मावशी: "छान आहे हो. जेवलीस का?"

बाई हसल्या. मग बँकेच्या माणसाला म्हणाल्या, "यात 'हवा आहे' कुठे म्हटलंय?" आणि मावशीकडे वळल्या. "तुम्हाला हा विमा हवा होता का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम पंख्याकडे बघत बसले. आता ही 'असू दे' म्हणाली की गेला गाळा!

"नाही," मावशी म्हणाली. चांगलं खणखणीत.

हप्ते परत मिळाले, वर व्याजही, आणि अनामत पुरी झाली. गाळ्यात मशीन लागली त्या दिवशी मी घरून थर्मासभर चहा करून नेला.

"कसा झालाय?" मी सवयीने विचारलं.

मावशीने कप खाली ठेवला. "पाणचट. पहिल्यापासून असाच असतो."

मला इतका आनंद झाला की सगळा चहा ओतून देऊन मी नवा करायला घरी पळाले.