डावा पीळ

पान्याच्या दांड्याला जोडायला त्याने दोन फुटी पाइप शोधून आणला होता, आणि नट पहिल्याच हिसक्याला सुटला. कमानवाला पाठीखालच्या गोणपाटावर तसाच पडून राहिला. ताकद लावायला सज्ज झालेला खांदा उगाचच दुखावला. बावीस वर्षांच्या पिकअपचा, मागच्या पाट्यांचा यू-बोल्ट इतक्या मुकाट्याने सुटत नसतो. त्याला तापवावं लागतं, ठोकावं लागतं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा लागतो. त्याने नट डोळ्यांसमोर धरून फिरवला. आट्यांमध्ये ग्रीस होतं. मऊ, ताजं म्हणावं असं.

“चार वर्षं झाली जाऊन,” तो गाडीच्या पोटाला म्हणाला, “तरी याचं ग्रीस वाळत नाही.”

जाऊन चार वर्षं झालेला माणूस म्हणजे त्याच्या बायकोचा पहिला नवरा. कमानवाला दुसरा. तीस वर्षं ट्रकच्या चाकांवर धक्के झेलणाऱ्या कमानींचे पाटे बदलण्यात गेली, त्यामुळे लोक त्याला कमानवाला म्हणत आणि हाक मारली की तोही त्याच नावाने वळून बघे. पन्नाशीला टेकल्यावर त्याने लग्न केलं आणि एक पत्र्याची पेटी, एक हत्यारांची पेटी घेऊन तिच्या घरी राहायला आला. त्याला आता चौदा महिने झाले होते. घर तिचं होतं, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. अंगणातली पिकअप मात्र सगळ्या गल्लीच्या तोंडी अजून ‘त्याची गाडी’ होती.

बाहेरच्या खोलीत त्या माणसाचा फोटो होता. याच गाडीच्या बॉनेटवर बसलेला, सगळे दात दाखवून हसणारा. त्याच्याबद्दल बोलताना ती ‘तो’ म्हणायची. तो असा, तो तसा. कमानवाल्याला मात्र ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. मान पुरेपूर मिळत होता, आणि त्या मानाने त्याचा जीव नकोसा झाला होता.

ती मधमाश्या पाळत असे. टेकडीच्या उतारावर तिच्या साठेक पेट्या होत्या आणि त्या ने-आण करायला ही पिकअप. मागच्या वर्षी वरचा रस्ता खचला, खडक उघडे पडले आणि गाडीचं पोट घासायला लागलं. तेव्हा कमानवाल्याने स्वतःच विषय काढला होता.

“गाडी उंच करू. जादा पाटे, लांब शॉकअप, खडकावरचे टायर, इंजिनाखाली जाड पत्रा. सगळं किट येतं तयार. सगळं मी बघतो. तू लक्षच घालू नकोस.”

ती ‘बरं’ म्हणाली होती. काय बरं, किती बरं, हे त्याने विचारलं नव्हतं.

किट आलं तेव्हा त्याने ते अंगणात ओळीने मांडलं आणि मनाशी ठरवलं: संध्याकाळपर्यंत या गाडीखाली त्या माणसाचा एक बोल्टसुद्धा शिल्लक ठेवायचा नाही.

“काय, सुटतंय का?” समोरच्या घरातले पेन्शनर फाटकातून आत येत म्हणाले. त्यांना कुणाच्याही अंगणात काम चाललेलं दिसलं की घरात बसवत नसे.

“सुटतंय.”

“सुटणारच. जिवापाड जपलेली गाडी आहे. गॅरेजचं तोंड पाहिलं नाही हिने कधी. जे काय करायचं ते इथंच, याच अंगणात. तुम्हाला सांगतो, असा माणूस—”

“काका, पाय सांभाळा. जॅक आहे.”

जॅक पेन्शनरांपासून चांगला आठ फूट लांब होता. ते दोन पावलं मागे सरले, थोडा वेळ नव्या टायरांची नक्षी बघत उभे राहिले आणि समजल्यासारखे निघून गेले.

पायरीवर ती बसली होती. मांडीवर मधपेटीची लाकडी चौकट, शेजारी बारीक तारेचं रीळ. मेण लावायच्या आधी चौकटीत तारा ओवून ताणून बसवाव्या लागतात. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. अधूनमधून ती मान वर करून गाडीखालून बाहेर आलेल्या त्याच्या दोन पायांकडे बघत होती.

कमानवाल्याला काम बघून माणूस सांगता येत असे. दुकानात गाडी आली की खाली डोकावून तो म्हणायचा, हा पाटा बसवणारा आळशी, हा घाईचा, याचं घरी भांडण झालेलं. बहुतेक वेळा खरंही निघायचं. आज सकाळपासून तो तेच वाचत होता आणि एकही दोष सापडत नव्हता. प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती, म्हणजे नट हलला तर लगेच कळावं. ब्रेकची नळी जिथं चासीला घासली असती तिथं खाली रबराची पट्टी ठेवलेली. नळी बारीक तारेने बांधलेली, आणि प्रत्येक तारेचं टोक आत वळवलेलं. हात घालणाऱ्याला ओरखडा येऊ नये म्हणून! एवढा विचार करणारा कारागीर त्याच्या दुकानात असता तर त्याने त्याला दुसरीकडे जाऊ दिलं नसतं.

नेमकं तेच त्याला सोसवत नव्हतं. माणूस ढिसाळ निघाला असता तर त्याने उदार मनाने त्याला माफ केलं असतं. पण हा तर वरचढ होता. पोटात दुखत होतं ते कमानवाल्याला स्वतःपासून लपवता येईना. मेलेल्या माणसाचा मत्सर करण्याची लाजही वाटत होती. जिवंत माणसाशी भांडता येतं, त्याच्याहून चांगलं काम करून दाखवता येतं, काहीच नाही तर त्याला म्हातारं होताना तरी बघता येतं. हा लेकाचा कायमचा बॉनेटवर बसून हसत होता.

मागचे पाटे चढले. शॉकअप बसले. आता राहिला इंजिनाखालचा पत्रा. जुना पत्रा घरी कापलेला होता, चार कडांना वळवलेला, आणि पुढून तो एका जाड लोखंडी पट्टीवर टेकला होता. पट्टी चासीच्या वळणाबरोबर अशी काही वाकवली होती की मध्ये कागद शिरला नसता. चार बोल्ट होते. पाना लावला असता तर चारही बोल्ट मुकाट्याने सुटले असते, आणि आणखी एक बोल्ट मुकाट्याने सुटलेला आता त्याला बघवणार नव्हता.

त्याने ग्राइंडर घेतला आणि पट्टी मधोमध कापली. ठिणग्या पायरीपर्यंत उडाल्या. ती चौकट बाजूला ठेवून उठली, आत गेली, आणि बराच वेळ आली नाही.

ती चहा घेऊन आली तोवर त्याच्या लक्षात आलं होतं की आपण काय करून बसलो. किटमधला नवा पत्रा नंतरच्या वर्षीच्या गाडीसाठी होता. मागची भोकं जुळत होती, पुढची बोटभर बाहेर जात होती. नव्या पत्र्याला पुढून टेकायला आधार हवा होता, आणि नेमका तसा आधार भंगाराच्या ढिगात दोन तुकडे होऊन पडला होता. पट्टी तो दुसरी ठोकून काढू शकला असता, पण पाट्याचा माणूस तो, असं वळण त्याच्या हातून आठ दिवसांत उतरलं नसतं. हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तो जास्त तडकला होता.

तिने कप त्याच्या हातात दिला, आपला कप घेऊन ढिगापाशी गेली आणि पट्टीचे दोन तुकडे उचलून जुळवून बघायला लागली.

झालं, आता रडणार, त्याला वाटलं. त्याच्यासाठी रडणार. माझ्यासमोर.

“भंगार आहे ते,” तो म्हणाला.

“हो.”

“काम बरं होतं. नाही म्हणत नाही मी.” चांगलं म्हणायला जीभ वळेना, पण खोटंही बोलवेना. “डावखुरा होता ना तो?”

“कोण?”

“तुझा तो.”

“नाही. उजव्या हाताचा होता.”

“मला नको सांगू.” त्याने खिशातून नळीवरून काढलेली तार काढली. “तीस वर्षं हेच करतोय. हा पीळ बघ, उलटा आहे. पकड डाव्या हातात धरली तरच असा पडतो. एकाही तारेला सुलटा पीळ नाही. तुला माहीत नसेल, तुझं लक्ष नसेल. माणूस डावखुराच.”

तिने चहाचा घोट घेतला. कप तिच्या डाव्या हातात होता.

कमानवाल्याने कपाकडे पाहिलं. मग पायरीकडे पाहिलं. चौकटी एकावर एक रचलेल्या होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात तारेचं टोक आत वळवलेलं, पीळ सगळे उलटे. चौदा महिने तो तिच्यासमोर बसून जेवत होता. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून कुठला पाटा तुटलाय ते सांगणारा माणूस!

“ग्रीस?” त्याने विचारलं.

“लग्नाच्या आधल्या आठवड्यात भरलं होतं. म्हटलं, नंतर वेळ मिळेल न मिळेल.”

“आणि ही पट्टी?”

“तीन रविवार लागले. पुठ्ठा कापायचा, लावून बघायचा, परत कापायचा. वळण काही येईना.” तिने तुकडे हळूच खाली ठेवले. “शेवटी आलं.”

त्याचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला. सकाळपासून त्याने एकेक करून जे सोडवून फेकलं होतं ते सगळं त्या ढिगात होतं, आणि ती पायरीवर बसून ते बघत होती.

“मग बोलली का नाहीस? मी सकाळपासून ‘त्याचं काम, त्याचं काम’ म्हणतोय.”

“तुम्ही त्याच्याशी भांडत होतात. मी कशाला मध्ये पडू?” ती हसली नाही. “आणि तुम्ही म्हणाला होतात, सगळं मी बघतो, तू लक्ष घालू नकोस. वाटलं, गाडीखाली शिरणारी बायको तुम्हाला आवडायची नाही. म्हटलं, जाऊ दे. मधमाश्या आहेत की.”

‘मधमाश्या आहेत की’ हे ती इतक्या सहज म्हणाली की कमानवाल्याने अर्धा कप तसाच खाली ठेवला. तिच्या हातातलं एवढं मोठं काम त्याने एका वाक्यात काढून घेतलं होतं, आणि वर उपकार केल्यासारखा वागत होता.

तो उठला. किट ज्या खोक्यातून आलं होतं त्याची एक बाजू त्याने टरकावली आणि पुठ्ठा तिच्यासमोर धरला. माफी मागावी असं त्याच्या मनात होतं, पण असले शब्द त्याच्या हत्यारांच्या पेटीत कधी नव्हतेच.

“नवी करशील?”

तिने पुठ्ठा घेतला, उलटसुलट करून पाहिला. “लोखंड तुम्ही वाकवायचं. माझ्याच्याने जाड पट्टी तापवून ठोकणं होत नाही. मागच्या वेळी मनगट गेलं होतं.”

“वाकवतो. तू सांग तसं वाकवतो.”

तिने पदर खोचला, गोणपाट ओढलं आणि सराईतपणे, एका हाताने चासी धरून, आत सरकली. नुसते पाय बाहेर राहिले. आतून आवाज आला, “इथं अंधार आहे. बॅटरी आणता का?”

तो बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसला आणि वाकून उजेड आत सोडला. पुठ्ठ्यावर खडूने खुणा करणारा तिचा डावा हात त्याला दिसत होता. कपाळावर ग्रीसचा डाग लागला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. या चौदा महिन्यांत त्याने तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

“मग तो काय करायचा?” त्याने विचारलं.

“तो? तो बॅटरी धरायचा.” खडू थांबला. “त्याला साधा नट आवळता येत नव्हता. नुसता बसायचा तुमच्यासारखा आणि बडबड करायचा. दिवस दिवस. एवढं बोलायचा की मी कधी दमलेच नाही.”

सकाळपासून ज्याचा हेवा केला तो कारागीर कधी नव्हताच. होता तो एक बडबड्या माणूस, जो वर्षानुवर्षं दर रविवारी इथं, याच जागी, गुडघ्यांवर बसला होता आणि त्याने तिला असं पाहिलं होतं. कमानवाल्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. आता मात्र कशासाठी दुखतंय ते त्याला नीट कळत होतं, आणि त्यावर ग्राइंडर चालण्यासारखा नव्हता.

“उजेड हलतोय,” ती म्हणाली.

“नाही हलवत.”

त्याने दुसरा हात जमिनीवर टेकून मनगट स्थिर केलं. काहीतरी बोलावं म्हणून तो शब्द शोधत राहिला. पाट्यांबद्दल बोलता आलं असतं, टायरांबद्दल बोलता आलं असतं. पुठ्ठा दोनदा कापून झाला, दोनदा लावून झाला. मग त्याने घसा साफ केला.

“लहानपणी डाव्या हाताने लिहायचीस,” तो म्हणाला, “तर ओरडायचं का कुणी?”

गाडीखाली खडू पुन्हा थांबला. मग ती सांगायला लागली, आणि ते इतकं लांबलं की कमानवाल्याचे गुडघे दुखायला लागले तरी त्याने ते हलवले नाहीत.