सोळातले आठ

दिवसभर लोकांची मशिनं उघडून मान मोडल्यावर घरच्यांचं मशीन उघडायचं म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक निदान दोन हात लांब उभं असतं. घरचे पार खांद्यावर येऊन विचारतात, झालं का?

पण फोनवर वहिनीचा आवाजच असा होता की मुकाट्याने गेले. वहिनी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. तिच्या कॉम्प्युटरमध्ये मेमरीची दोन कार्डं आहेत, आठ जीबीची एकेक, मिळून सोळा. महिन्याभरापासून स्क्रीनवर नुसते आठ दिसत होते आणि मोठा नकाशा उघडला की मशीन मान टाकत होतं. एका शाळेचा नकाशा उद्या द्यायचा होता. एवढं सांगून झाल्यावर ती चाचरत पुढचं बोलली. मी मशीन साफसफाईला दुकानात नेलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं, असं दादाचं म्हणणं होतं. दुकानात काय, चांगलं कार्ड काढून भंगार बसवायला वेळ लागतो थोडाच, असंही तो म्हणाला होता.

म्हणजे मी चोर. तेही सख्ख्या भावाच्या घरातली. रागवायचीही ताकद उरली नव्हती, तरी राग आलाच.

दादा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर आहे. नुकताच कामावरून आला होता, दारातच उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता खाली फतकल मारली आणि कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. एक कार्ड काढून ठेवलं, दुसरं एकटंच लावून बघितलं. आठ. मग ते काढून पहिलं त्याच खाचेत लावलं. आठ. दोन्ही कार्डं धडधाकट होती, आणि पूर्वी मीच बसवलेली तीच होती. पण पलीकडच्या खाचेत कुठलंही कार्ड घातलं की मशीनला ते दिसेचना. खोडरबराने कार्डाचे दात घासले, खाचेत ब्रश फिरवला. मशीन ढिम्म. खाच मेली असेल तर अख्खा बोर्ड गेला, आणि खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर फुटणार.

मग माझी नजर पंख्यावर गेली. प्रोसेसरवर जो पंखा असतो, त्याला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात. मी ते हलक्या हाताने, समोरासमोरचे, थोडे थोडे करत पिळते. इथे एका बाजूचे दोन असे काही आवळले होते की बोर्डाला बाक आला होता. हा हात माझा नव्हता, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. दादाने बंद केलेली बरणी उघडायला दादाच लागतो. त्याच्या घरातला नळ सोडायचा तर बाईमाणसाला आधी पदर खोचावा लागतो.

मी त्याला विचारलं. हो, म्हणाला, महिन्यामागे पंखा खडखडत होता, हिला त्रास व्हायचा, म्हणून दिला आवळून. पंपाला चालतं ते पंख्याला का नाही चालणार?

प्रोसेसर एका अंगाने जास्त दाबला गेला की दुसऱ्या अंगाचे त्याचे काटे नीट टेकत नाहीत, आणि तिकडची मेमरी मशीनला दिसत नाही. मी चारही स्क्रू सैल केले, पुन्हा बेताने बसवले, दोन्ही कार्डं लावली, मशीन सुरू केलं. सोळा. वहिनी लगेच नकाशा उघडून कामाला लागली.

"म्हणजे तू नव्हतं घेतलंस," दादा म्हणाला.

"नाही."

तो दारातून आत आला. मग म्हणाला, "मला वाटलं, दुकान चालत नसेल, गरज असेल. हिलाही म्हटलं, जाऊ दे, आपलीच आहे ती. तुला काही बोललो का मी, बारके? घेतलं असतंस तरी चाललं असतं गं."

हे तो मला मायेने सांगत होता. महिनाभर हा माणूस मला चोर समजत होता आणि मनातल्या मनात माफ करून मोकळा झाला होता. मागच्या रविवारी जेवायला बोलावून निघताना डबा भरून दिला, तोही चोराला दिला होता.

"तुला चाललं असतं, दादा. मला नसतं चाललं," मी म्हटलं. "एकदा विचारायचं तरी होतंस."

"आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

डोळे भरून आले, आणि ते पुसायचाही कंटाळा आला. मी तशीच खाली बसून राहिले. थोड्या वेळाने दादाही गुडघे धरत माझ्याशेजारी येऊन बसला.