न कापलेली पिशवी

आईचा फोन अजून त्या करड्या पिशवीतच होता. चित्रीकरणाच्या जागी पाऊल टाकलं की प्रत्येकाचा फोन अशा जाड कापडाच्या पिशवीत जायचा आणि पिशवीचं तोंड खटकन बंद व्हायचं. ते उघडणारं चुंबक फक्त मुख्य दारावरच्या पहारेकऱ्याकडे. गायिकेचा नवा अल्बम, त्यातल्या प्रत्येक गाण्याची वेगळी फिल्म, आणि प्रकाशनाआधी कुणाला कानोकान खबर नको, म्हणून हा बंदोबस्त.

गायिकेला कुणी ओळखत नव्हतं तेव्हापासून आई तिचे कपडे शिवायची. शेवटच्या दिवशी तिला कामावरच भोवळ आली. मागच्या दारानं गाडीत बसवून तिला घरी पाठवलं, आणि पिशवी तशीच बंद राहिली.

"कापू का?" मी विचारलं. घरात कात्र्यांना तोटा नव्हता.

"हात लावू नकोस. बरी झाले की जाऊन उघडून घेईन."

"आणि तोवर कुणाला फोन करायचा झाला तर?"

"तू आहेस की. लहानपणापासून तोंड बंद ठेवायला सांगतेय, ते कधी ऐकलंस?"

ती बरी झाली नाही. आठवड्याच्या आतच गेली.

गायिकेच्या माणसांतलं कुणी आलं नाही. आली ती फक्त केस करणारी मावशी, आईची कामावरची मैत्रीण. चहाला हात न लावता दाराकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "तुझी आई कुणाशी काही बोलली होती का गं?"

मला वाटलं, ती शेवटच्या शब्दांबद्दल विचारतेय. "पाणी मागितलं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग एका मंगळवारी, भर दुपारी, कुठलीही पूर्वसूचना न देता अल्बम आला. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. तिथेही सगळ्यांची डोकी फोनमध्ये गेली. शेवटच्या गाण्यात गायिकेनं पांढरा झगा घातला होता. त्याची बाही आईनं आधी माझ्या हातावर बेतून पाहिली होती. मी श्रेयनामावलीपर्यंत थांबले. वेशभूषेपुढे आईच्या मदतनिसाचं नाव होतं. पुन्हा पाहिलं. आईचं नाव कुठेच नव्हतं.

मी व्यवस्थापकाला फोन लावला.

"ताई, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, म्हणून आम्ही गप्प बसलो," तो म्हणाला. "बातमी फुटत होती. म्हणून मी प्रत्येकाला प्रकाशनाचा वेगळा वार सांगितला. केसवाल्यांना गुरुवार, दिवेवाल्यांना रविवार. शुक्रवार एकट्या तुमच्या आईला. आणि छापून काय आलं? शुक्रवार."

"तिला तोंडी सांगितलंत?"

"नाही हो. त्या घरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी. फोनवर, माझ्या आवाजात निरोप पाठवला."

माझी नजर टेबलावरच्या कात्रीकडे गेली आणि परत आली. मी पिशवी कापली असती, तर आधीच कापली होती असं म्हणायला हे मोकळे. आईची आठवण म्हणून मी ती रोज बरोबर बाळगत होते. तशीच घेऊन निघाले.

त्यांच्या कचेरीत जल्लोष चालला होता. दाराशीच व्यवस्थापकाचा आवाज कानावर आला, "सगळे शुक्रवारकडे डोळे लावून बसले, आणि आपण मंगळवारीच बार उडवला!" हशा झाला. मला बघून तो विरला.

दारावर चित्रीकरणाच्या वेळचाच पहारेकरी होता. मी पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "माझ्या आईची आहे. उघडा."

त्यानं ती उलटसुलट केली, शिवण बोटानं चाचपली. "एक टाकासुद्धा उसवलेला नाही," तो म्हणाला आणि चुंबक लावलं.

"आता याचा काय उपयोग?" व्यवस्थापक म्हणाला.

फोन केव्हाच बंद पडला होता. जल्लोषाला आलेल्या मावशीनं पुढे होऊन चार्जर दिला. एव्हाना गायिकाही आतून आली होती. "काकूंची मुलगी ना?" म्हणाली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. फोन जागा झाला. साठलेले निरोप एकामागून एक येऊ लागले, तसा व्यवस्थापकाचाही आला, न ऐकलेला. मी तो सगळ्यांसमोर लावला.

"काकू, फक्त तुम्हाला म्हणून सांगतोय. शुक्रवारी. पोटात ठेवा हं."



"तिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं," मावशी म्हणाली.

गायिकेनं मला घट्ट मिठी मारली. मग व्यवस्थापकाला म्हणाली, "काकूंचं नाव घाला. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांत वर." तोही लगेच वळला. एका शब्दानं हुज्जत नाही. आम्ही तिथे असतानाच नाव आलं. मी ते अक्षर अन् अक्षर तपासलं. काना-मात्रेची चूक नव्हती.

जिना उतरताना मावशीनं डोळे पुसले. "सुटली गं बाई तुझी आई."

"मावशी, गायिकेनं एक गोष्ट विचारलीच नाही."

"कुठली?"

"मग शुक्रवार बाहेर सांगितला कुणी?"

मावशी थांबली. वरून पुन्हा हसण्याचा आवाज येत होता. तिनं माझं कोपर धरलं.

"पायऱ्या बघून उतर," ती म्हणाली.