सासूबाईंच्या हाती जुना कॅमशाफ्ट

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे ‘हळूभाऊ’ म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसभर तो एकच शब्द बोलायचा. दुसऱ्या गियरमध्ये रांगून रांगून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून भंगारात सापडलेला रेसच्या गाडीचा एक जुना कॅमशाफ्ट त्याने स्वतःच्या घरच्या गाडीत बसवायचं ठरवलं.

बसवणार होता त्याचा साडू. त्याचं इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. त्याने तो दांडा उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

“साडूभाऊ, इंजिनाच्या झडपा किती वेळ उघड्या ठेवायच्या हे हा ठरवतो. हा जुन्या पद्धतीचा. दार सताड उघडं टाकून शेजारी गप्पा मारायला जाणाऱ्यातला. इंजिन सुसाट फिरत असेल तर ठीक, पण सिग्नलला धाप लागेल.”

“मग हल्ली काय घालतात?”

“नव्या घडणीचे. झडपा पटकन उघडतात, पटकन मिटतात. जोरही मिळतो, आणि सिग्नलला गाडी शहाण्यासारखी उभीही राहते.”

“आणि आवाज?”

“आवाज नाही.”

“मग हाच बसवा.”

गाडी उभ्या जागी अशी धडधडू लागली की आरशात मागच्या एका माणसाचे दोन दिसत. हळूभाऊला वाटे, आपण वाघ पाळलाय. वाघ प्रत्येक सिग्नलला मरून पडे. मागच्या काचेवर त्याच्याच स्कूलची जाहिरात होती, त्यामुळे अब्रूही तिथल्या तिथे जाई.

अशातच स्कूलच्या गाडीचा क्लच गेला, आणि तोही सासूबाईंच्या लायसन्सची टेस्ट तोंडावर आलेली असताना. सासूबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. जावयाच्या सवडीची वाट बघून त्या कंटाळल्या होत्या.

“आई, टेस्ट पुढे ढकलू,” बायको म्हणाली.

“का? यांची गाडी आहे की,” सासूबाई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन मोकळ्या झाल्या.

रिकाम्या मैदानात गाडी दोनदा बंद पडली.

“जावईबापू, गेली का ही?”

“नाही, जरा जास्त ॲक्सिलरेटर द्या.”

त्यांनी दिला. काहीच झालं नाही. आणखी दिला. एकदम डरकाळी फुटली आणि कुंपण धावत अंगावर आलं. हळूभाऊच्या तोंडून ‘हळू’ फुटेना. त्याने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, तशी गाडी कुंपणाला टेकता टेकता थांबली. आता रडारड होणार म्हणून त्याने डोळे मिटले.

“परत एकदा,” सासूबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत त्यांना गाडीची नस सापडली. “आधी रुसते, मग एकदम पिसाळते. तुमचे सासरे असेच होते. मधला सूर धरून ठेवायचा असतो.” शिलाई मशीनच्या पायट्यावर जन्म घालवलेला त्यांचा पाय क्लचवर केसभर वर-खाली होत होता.

टेस्टला अधिकारी शेजारी बसला आणि त्याचा चष्मा नाकावरून घसरू लागला.

“गाडीला ताप आहे का?”

“नाही, स्वभाव आहे.”

चढावर थांबून गाडी पुन्हा काढायची होती. सासूबाईंनी सूर धरला, क्लच सोडला, आणि गाडी बोटभरही मागे न सरकता वर चढली. अधिकारी खूश झाला. सपाट रस्त्यावर येताच तो म्हणाला, “आता थोडा वेग घ्या.”

मागणी त्याची होती.

परतल्यावर तो दार धरूनच उतरला आणि सीटखाली गेलेला चष्मा शोधू लागला. मग हळूभाऊला म्हणाला, “बाई पास. गाडी नापास. ही पुन्हा इथे दिसता कामा नये.”

हळूभाऊने कान पकडले आणि साडूकडून नव्या घडणीचा कॅमशाफ्ट बसवून घेतला. साडू म्हणाला होता ते खरंच निघालं. गाडी सिग्नलला गप्प उभी राही, दिवा हिरवा झाला की अलगद पुढे जाई, आणि मोकळ्या रस्त्यावर पूर्वीइतकीच पळे. आपण उगाच हट्ट केला, हे त्याने बायकोजवळ कबूलही केलं.

सासूबाईंनी गावातून एक फेरी मारली.

“कशी वाटली?” शेवटच्या सिग्नलला त्याने विचारलं.

“गुणी आहे हो. कोणीही चालवेल.” त्यांनी उसासा टाकला. “जावईबापू, मोटरसायकलचं लायसन्स कुठे मिळतं?”