भिंतीवरचं नाव

आमच्याकडे आजार आजाऱ्याला सांगत नाहीत. डॉक्टर मुलीला बाजूला घेतो, मुलगी तोंड धुऊन खोलीत येते आणि म्हणते, "आम्लपित्त आहे." मार्चमध्ये मीही तेच केलं. आईच्या पोटातली गाठ मला माहीत होती, डॉक्टरला माहीत होती, खालच्या औषधवालीलाही माहीत होती. आई तेवढी पथ्याचं खात होती आणि वैतागत होती.

त्यातच फेराराहून लोरिसचा फोन आला. लोरिस म्हणजे माझ्या निवेस मावशीचा मुलगा. "मम्मा महिना काढायची नाही, तुल्लिया. तुझ्या आईला घेऊन ये. रोज तिच्याबद्दल विचारते."

या दोघी सख्ख्या बहिणी एकतीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आजोबा गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे निवेस मावशीने मृत्यूचे कागद छापून भिंतींवर लावले, आणि शोक करणाऱ्यांच्या यादीतून आईचं नाव वगळलं. घरच्यांचं न ऐकता लग्न करून तोरिनोला गेलेली मुलगी तिच्या लेखी नव्हतीच. मातीला आलेल्या आईने फेराराच्या स्टेशनवरून घरी जाताना चार भिंतींवर तो कागद वाचला. मातीपुरती थांबली, आणि बहिणीचं नाव टाकलं ते कायमचं.

म्हणून मी बेत रचला. बोलोन्यात तीन दिवसांची सुटी, तिथून फेरारा गाडीने पाऊण तासावर. लोरिसला बजावलं, "तू फोन करू नकोस, आई शेजारीच असते. मी आणते तिला." मी फार हुशार आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी बोलोन्याच्या स्टेशनात गाड्यांच्या फलकाखाली उभ्या होतो.

"तूच सांग कुठे जायचं," मी म्हणाले. "पार्मा, राव्हेन्ना, फेरारा..."

"घुसवलंसच शेवटी फेरारा! काय ठेवलंय तिथे? धुकं आणि डास."

"मावशी आहे."

"तेच म्हटलं मी. डास."

"आई, पंच्याऐंशीची झाली ती."

"आणि मी काय विशीची आहे? तिला यायचं तर तिने यावं. राव्हेन्नाची तिकिटं काढ."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मावशीलाही पोटातच गाठ होती. आईने विचारलं असतं, कसला आजार, कुठे दुखतं, खाल्लेलं पचतं का. एक सांगितलं की दुसरं तिला आपोआप कळलं असतं. मी घाबरले आणि राव्हेन्नाची तिकिटं काढली.

दिवस छान गेला, हेच जास्त लागतं मला. तिथल्या जुन्या चर्चच्या घुमटातल्या, काचेचे तुकडे जडवलेल्या निळ्या नक्षीकडे बघून आई म्हणाली, "मान मोडली माझी, पण सुंदर आहे गं." भाकरीत गुंडाळलेलं हॅम खाल्लं, पथ्य झुगारून. दुकानातून निळ्या काचेचा एक चौकोनी तुकडा घेतला. परतीच्या गाडीत तो हातात फिरवत म्हणाली, "उद्या जाऊ तुझ्या त्या डासांच्या गावाला. निवेसला निळा रंग आवडायचा. पण जेवायला थांबायचं नाही, आत्ताच सांगते."

मला इतका आनंद झाला की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

रविवारी फेराराच्या स्टेशनवरून आम्ही पायीच निघालो. आई भराभर चालत होती. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी चर्चची भिंत आहे. तिथे ती थांबली.

कागद ताजा होता, कडा अजून ओल्या होत्या. मावशीचा फोटो. शनिवारी दुपारी निधन, सोमवारी दहा वाजता माती. खाली शोक करणाऱ्यांची नावं. सगळ्यांत वर, लोरिसच्याही आधी, 'बहीण एर्सिलिया'.

आईने आपल्या नावावर बोट ठेवलं. शाई बोटाला लागली.

"काल दुपारी," ती म्हणाली. "आपण जेवत होतो." मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं ती आजारी आहे ते?"

"हो."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"काय झालं होतं?"

"पोटात गाठ होती."

आईचा हात कोटावरून पोटाशी गेला आणि तिथेच राहिला. गल्लीतून एक बाई सायकल हातात धरून गेली.

"आणि मला काय झालंय, तुल्लिया?"

मी तोंड उघडलं. खरं बोलायचं असंच ठरवून उघडलं होतं.

"आम्लपित्त," मी म्हणाले.

"बरं."

तिने पर्समधून निळी काच काढली आणि मुठीत धरली.

"माझा कागद छापशील तेव्हा लोरिसचं नाव घाल," ती म्हणाली. "विसरू नकोस." आणि मावशीच्या दाराची घंटा वाजवायला एकटीच पुढे गेली.