राणीसाहेबांचं पोट

राणीसाहेबांनी मांडीवरची उशी पोटाशी घट्ट धरली आणि ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागायची वाट पाहिली. दिवा लागला. पडद्यावरच्या राणीने ओठ हलवले, त्याबरोबर माइकसमोर राणीसाहेबांनी वाक्य उचललं, "या दरबारात माझ्याशिवाय कुणी बोलायचं नाही!" आणि उशीखालून कुणीतरी बोललंच. गुर्रर्र.

"थांबा," कानात दिग्दर्शकाचा आवाज आला. "पुन्हा."

चित्रपट परभाषेतला असो की काल्पनिक राज्यातला, त्यातल्या राणीला मराठी आवाज द्यायला तिलाच बोलवत, म्हणून स्टुडिओत सगळे तिला राणीसाहेब म्हणत. पोटाला मात्र या पदवीचं काडीचं कौतुक नव्हतं. ते कधी मुरडा घाली, कधी फुगे, कधी तिला भर वाक्यातून उठवून संडासाकडे पळवी. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. आतड्यांना रोग नाही, ती फक्त चिडकी आहेत, असं डॉक्टर म्हणाले. आहारतज्ज्ञ बाईंनी कांदा, लसूण, गहू आणि दूध काही आठवडे बंद करून मग एकेक परत घेऊन बघायला सांगितलं होतं. थोडं थोडं खा, पण उपाशी राहू नका, असंही बजावलं होतं.

तिने बंद करण्यापुरतंच ऐकलं. दुखलं की आदल्या दिवशी पोटात गेलेला एखादा पदार्थ कायमचा हद्दपार. सफरचंद गेलं, चहा गेला, अंडं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा कारभार. आता भात नि गाजर तेवढं उरलं होतं, आणि कामाच्या दिवशी तेही नको. नवरा रोज डबा भरून देई. "दोन घास तरी खा गं," म्हणे. डबा होता तसा घरी परत जाई.

हा चित्रपट मोठा होता, म्हणून दिग्दर्शक स्वतः येऊन बसला होता. दरबार कसाबसा आटपल्यावर तो म्हणाला, "आता गुहेचा प्रसंग. असाच आवाज येत राहिला तर नाइलाज आहे. उद्या दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

आवाजाशिवाय तिच्याजवळ विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. हे पोट काढून कुणाच्या तरी दारात ठेवून यावं, असं तिला मनापासून वाटलं.

पडद्यावर राज्य गमावलेली राणी गुहेत बसली होती. हातातला भाकरीचा शेवटचा तुकडा तिने मुलापुढे केला.

"मला भूक नाही, बाळा. तू खा."

वाक्य संपलं, आणि त्यामागोमाग ते आलं. लांबलचक आणि केविलवाणं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

काचेपलीकडे दिग्दर्शक उभा राहिला होता. दार ढकलून तो आतच आला.

"काय जमलंय हो! सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही."

"उत्तम. उद्या शेवटचा प्रसंग आहे. तिथेही पोटाचा हाच आवाज हवाय मला. अशाच या."

"हो," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिच्या पोटाला शाबासकी मिळाली होती, आणि तिला रडू फुटत होतं.

जिन्यात ती बंद डबा मांडीवर घेऊन बसली. ध्वनिमुद्रक चहाचा कप घेऊन आला आणि दोन पायऱ्या खाली टेकला. अबोल माणूस. एवढ्या वर्षांत "ताई, माइकजवळ या" यापलीकडे तो फारसं बोलला नव्हता.

"उघडा की डबा."

"उद्या उपाशी यायला सांगितलंय."

"ऐकलं मी." त्याने चहावर फुंकर घातली. "ताई, तुमच्या पोटाचे आवाज मी कधीपासून कापतोय. आज साहेब शेजारी बसले, म्हणून त्यांना ऐकू आले."

तिचे कान तापले. इतके दिवस ती समजत होती, उशीने निभावलं.

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात? फक्त कापलेलं फेकवत नाही, ही माझी खोड. दाराची करकर, कुणाची शिंक, सगळं ठेवतो. वेळेला उपयोगी पडतं. तुमचेच इतके साठलेत, की दहा राण्या उपाशी मरतील."

तिला हसावं की रडावं कळेना.

"म्हणजे उद्या..."

"उद्या त्यातला एक लावतो. साहेबांना कुठे कळतंय? तुम्ही जेवून या. आणि आत्ताही जेवा."

तिने झाकण काढलं. मऊ भात, उकडलेली गाजरं, आणि कोपऱ्यात अर्धं अंडं. ती खात नाही हे माहीत असूनही नवऱ्याने ठेवलेलं. रोज ठेवत असेल. तिने कित्येक दिवसांत डबा उघडूनच पाहिला नव्हता.

तिने अंडं उचलून त्याचा वास घेतला.

"यानेही आवाज आला तर?"

"तर कापेन की," तो म्हणाला, आणि तिला खाताना अवघडायला नको म्हणून भिंतीकडे तोंड करून चहा पिऊ लागला.